कोणत्या वारापासून धरायचं

माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये मोबाइलचे चार चार्जर आहेत. त्यातला एक बारीक पिनचा, जुन्या बटणांच्या फोनचा. तो हल्ली क्वचित लागतो, पण लागतो तेव्हा म्हातारी माणसं माझ्याकडे अशी बघतात, जणू मी त्यांच्याच गावची निघाले. शिवाय बिस्किटांचे पुडे, पाण्याच्या बाटल्या, सॅनिटरी पॅड, एक मोठा टॉवेल आणि थोडे सुटे पैसे. अवयवदानाची समन्वयक नेमकं काय करते, असं कुणी विचारलं की मला आधी हा ड्रॉवर आठवतो. फॉर्म वरच्या ड्रॉवरमध्ये असतात.

मी मिरजेला नर्सिंगचं जीएनएम केलं, पुण्यात आले आणि अकरा वर्षं न्यूरोच्या आयसीयूत काढली. नंतरची नऊ वर्षं या खुर्चीवर. प्रत्यारोपणाची नोंदणी असलेल्या रुग्णालयात समन्वयक नेमावाच लागतो, तसा कायदा आहे. ते काम डॉक्टर करू शकतो, नर्स करू शकते, समाजकार्य शिकलेलं कुणीही करू शकतं. आमच्याकडे ते माझ्याकडे आलं, कारण मेट्रनबाईंचं मत पडलं की 'हिला माणसांशी बोलता येतं'. मलाही तसंच वाटत होतं. पहिल्याच वर्षी तो भ्रम फिटला.

एकोणीस वर्षांचा मुलगा होता. कॉलेजला जाताना गाडी घसरली, हेल्मेट हँडलला लटकवलेलं. वडील एसटीत कंडक्टर. तीन दिवस मी त्या आईवडिलांकडे जाऊन येत होते. जेवलात का, रात्री पाठ टेकायला जागा मिळाली का, असं विचारत होते, आणि ते मनापासून विचारत होते. चौथ्या दिवशी सकाळी मेंदूची पहिली तपासणी झाली. डॉक्टरांनी वडिलांना सांगितलं की मेंदू काम करत नाहीये, संध्याकाळी आणखी एकदा तपासू. मी नवी होते, उत्साहात होते, आणि संध्याकाळी उशीर होईल या धास्तीनं दुपारीच कॉरिडॉरमध्ये त्यांच्याशी अवयवदानाचा विषय काढला.

वडील एवढंच म्हणाले, "मॅडम, अजून एक तपासणी राहिलीय ना?"

आई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही रोज येत होता, ते ह्याच्यासाठी?"

त्यापुढे ते काही बोलले नाहीत, भांडले नाहीत. मी दिलेली पाण्याची बाटली मात्र आईनं बाकावरून उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवली, न उघडलेली. त्या बाईच्या प्रश्नाला आजही मला उत्तर देता येत नाही. मी त्यासाठी जात नव्हते, आणि त्यासाठीही जात होते. या कामात ते दोन्ही वेगळं काढता येत नाही, पण त्यांचा क्रम मात्र पाळता येतो. मृत्यू आधी सांगायचा. तो समोरच्याच्या कानात नव्हे, आत पोचेपर्यंत थांबायचं. त्याआधी अवयवाचा 'अ' सुद्धा तोंडातून निघता कामा नये.

आता हा मृत्यू पोचवायचा म्हणजे काय, ते सांगते. एरवी मरण घरच्यांना आपोआप कळतं. श्वास थांबतो, अंग गार होतं, चेहरा बदलतो. इथे छाती वरखाली होत असते, मॉनिटरवर नाडीची रेघ पळत असते, लघवीची पिशवी भरत असते. आणि पांढऱ्या कोटातला माणूस सांगतो की हे गेले. आपल्याकडे या मरणाला कायद्यानं मरण म्हटलं ते १९९४ मध्ये. महाराष्ट्रात तो कायदा ४ फेब्रुवारी १९९५ पासून लागू झाला. त्याच्या कितीतरी आधी, १६ फेब्रुवारी १९६८ ला परळच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी हृदय बदलण्याची शस्त्रक्रिया करून पाहिली होती. केपटाऊनला बर्नार्डनी जगातलं पहिलं हृदय बदललं, त्याला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. केईएमचा रुग्ण काही तासच जगला. सर्जनांचे हात तयार होते, पण माणूस मेला कधी म्हणायचं हे कायद्यात लिहायला आपल्याला आणखी सव्वीस वर्षं लागली. मग बाकावर बसलेल्या बाईला ते वीस मिनिटांत कळावं अशी अपेक्षा आपण कुठल्या तोंडानं करतो?

तपासणी दोनदा होते, मध्ये किमान सहा तास जाऊ द्यावे लागतात. सहीला चार डॉक्टर: रुग्णालयाचा प्रमुख, मान्यता मिळालेल्या यादीतला तज्ज्ञ, मेंदूचा डॉक्टर आणि उपचार करणारा डॉक्टर. ज्यांना अवयव बसवायचे आहेत, त्या टीममधला एकही डॉक्टर यात चालत नाही. बाहुलीवर बॅटरी मारतात, बुबुळाला कापूस लावून बघतात, भुवईच्या हाडावर अंगठा दाबतात, कानात बर्फाचं पाणी सोडतात. शेवटी ॲप्निया टेस्ट. व्हेंटिलेटर सोडवायचा, श्वासनलिकेत नुसता ऑक्सिजन चालू ठेवायचा आणि छातीकडे बघत उभं राहायचं. आठ-दहा मिनिटं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड साठच्या वर गेला तरी मेंदू 'श्वास घे' म्हणत नाही, तर तो आता कधीच म्हणणार नाही. आयसीयूत मी या टेस्टला कितीदा उभी राहिलेय त्याचा हिशोब नाही, पण त्या आठ मिनिटांत प्रत्येक वेळी मी स्वतःचा श्वास रोखून धरते, हे माझ्या लक्षात आलंय. दुसऱ्या तपासणीनंतर जी वेळ कागदावर पडते, ती मृत्यूची वेळ. हृदय त्यानंतरही चालू असतं. गोंधळ इथूनच सुरू होतो.

आणि तो गोंधळ वाढवतो आम्हीच, आमच्या बोलण्यानं. "व्हेंटिलेटरवर ठेवलंय" हे वाक्य आयसीयूत दिवसातून शंभरदा म्हटलं जातं. ठेवलंय म्हणजे आहे. "तो आता मशीनवरच जगतोय" असं एका हुशार रेसिडेंटनं दुसऱ्या तपासणीनंतर एका बहिणीला सांगितलं होतं, आणि माझे पुढचे चार तास ते एक क्रियापद पुसण्यात गेले. आमची स्वतःची सवयही आडवी येते. बेशुद्ध पेशंटशी बोलायचं हे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवलेलं असतं. दादा, कूस बदलते हं. काका, घशातलं काढते, जरा त्रास होईल. फॉर्म दहावर, म्हणजे मेंदूमृत्यूच्या दाखल्यावर, चार सह्या झाल्यानंतर आमच्या एका ज्युनियर सिस्टरनं सवयीनं असंच म्हटलं, आणि पडद्याआड उभ्या असलेल्या मेव्हण्यानं मला विचारलं, "मग त्याला ऐकू येतंय का?" तेव्हापासून मी नियम केला: सह्या झाल्या की नातेवाइकांसमोर पेशंटशी बोलायचं नाही. मुलींना तो नियम दुष्टपणाचा वाटतो. मलाही थोडा वाटतो.

हात हलण्याचंही तसंच. मेंदू गेल्यावरही मणक्यातला मज्जारज्जू काही वेळ आपला आपला चालू असतो. एखाद्याचं बोट हलतं, एखाद्याचा आख्खा हात छातीकडे येतो. आई किंचाळते, "हलला! हलला!" त्या वेळी मज्जारज्जूचं शरीरशास्त्र सांगणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. म्हणून आता मी आधीच सांगून ठेवते.

दधीची ऋषींचं उदाहरण मात्र मी देत नाही. भाषणांत, पोस्टरवर ते हटकून असतं. पण दधीचींनी स्वतःची हाडं स्वतःच्या मर्जीनं दिली. माझ्यासमोर बसलेल्या बाईला दुसऱ्याचं द्यायचं असतं, ज्याची आज सकाळपर्यंत ती दवाखान्याच्या पायरीवर बसून वाट बघत होती. ते कितीतरी अवघड आहे. डोनर कार्डाचंही लोकांना वाटतं तसं नाही. पाकिटात कार्ड निघालं तरी शेवटी घरच्यांना विचारलंच जातं, आणि घरच्यांना त्यानं कधी सांगितलेलंच नसेल तर ते कार्ड हातात धरून सगळे एकमेकांकडे बघत बसतात. कार्ड केलं असेल तर रात्री जेवताना घरात बोला, एवढंच मी लोकांना सांगते.

'नाही' म्हणणाऱ्यांबद्दल लोक मला नेहमी विचारतात. एका आजींनी नातवाच्या बाबतीत 'नाही' म्हटलं, कारण सांगितलं नाही. मी त्यांना चहा आणून दिला आणि त्यांच्या शेजारी बसून तो संपेपर्यंत थांबले. त्यापुढचं जे होतं, त्याचा मला जास्त त्रास होतो. 'हो' म्हटलं तर मेंदूमृत माणूस आमच्या दृष्टीनं मृत असतो. 'नाही' म्हटलं की अनेक ठिकाणी हृदय आपणहून थांबेपर्यंत मशीन तसंच चालू राहतं. म्हणजे ज्या आजींना मी सकाळी शपथेवर सांगितलं की तुमचा नातू गेला, त्यांनी पुढचे दोन दिवस त्याच्या उशाशी बसून त्याची वरखाली होणारी छाती बघायची. तिसऱ्या दिवशी आजी मला म्हणाल्या, "तू खोटं बोलली नाहीस ना ग?"

आता मी ज्यांच्यामुळे हे लिहायला बसले, त्यांच्याकडे येते.

इंदापूरच्या पुढे, सोलापूर रस्त्यावर रात्री मोटारसायकलवरून पडलेला माणूस. वय बत्तीस. दुधाचा टेम्पो चालवायचा. आधी तिकडच्या दवाखान्यात नेलं, मग आमच्याकडे. बरोबर दोन भाऊ, एक मेव्हणा, चुलते अण्णा आणि बायको. बायको सव्वीस-सत्तावीसची. पोरं सासूजवळ ठेवून आलेली, तोंडाला पदर लावून स्टीलच्या बाकाच्या टोकाला बसलेली. तीन दिवसांत तिचा आवाज मी ऐकला नव्हता. बोलायचे ते अण्णा. धोतर, टोपी, गळ्यात तुळशीची माळ, एके काळी गावचे सरपंच. मंगळवारी रात्री पावणेअकराच्या सुमाराला डॉक्टरांनी सगळ्यांना खोलीत बोलावून सांगितलं, मी बाजूला उभी होते. कागदावर वेळ पडली होती दहा चाळीस. डॉक्टरांचं बोलणं पुरतं संपायच्या आत अण्णांनी हात जोडले.

"आम्ही माळकरी माणसं. देह काय, मातीच. पेपरात वाचलंय मी अवयवदानाचं. आम्ही द्यायला तयार हाय. कुठं सही करायची सांगा."

खरं सांगते, इतका सोपा 'हो' मिळाला की समन्वयकाला हायसं वाटतं. न मागता, न समजावता. वेळ वाचते, आणि या कामात वेळ म्हणजे सगळं. मेंदूची आज्ञा थांबली की बाकीचं शरीर कोसळायला लागतं. रक्तदाब पडतो, लघवीवरचा ताबा ठेवणारं संप्रेरक बंद होतं आणि पाणी नुसतं वाहून जातं. बाहेर अवयवांच्या यादीत माणसं खोळंबलेली असतात. पण बाकाच्या टोकाला बसलेल्या त्या मुलीनं डॉक्टरांचं बोलणं सुरू झाल्यापासून डोकं वर केलं नव्हतं.

"अण्णा, सही ताईंची लागेल," मी म्हटलं. कायद्यात जवळच्या नात्यांची यादी आहे: नवराबायको, आईवडील, मुलं, भाऊबहिणी, आजीआजोबा, नातवंडं. चुलते त्या यादीत नाहीत. भाऊ आहेत. भावाची सही घेऊन मला मोकळं होता आलं असतं, हेही इथे सांगून टाकते.

"ती करंल की. मी सांगतो तिला."

"तुम्ही नका सांगू. मी बोलते."

अण्णांना ते आवडलं नाही. मला या कामात सगळ्यात अवघड जातं ते हेच. रडणारी माणसं नव्हे, कर्ती माणसं. त्यांचा चांगुलपणा खरा असतो, म्हणून जास्त अवघड. हातात हात धरून करवून घेतलेल्या सह्या मी पाहिल्या आहेत. सही झाली की काम पुढे जातं, अवयव पोचतात, माणसं जगतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. आणि गावाकडे एक बाई पुढची तीस वर्षं मनाशी म्हणत राहते की मला कुणी विचारलंच नव्हतं.

ती माझ्या खोलीत आली ती चार्जरमुळे. फोन बंद पडला होता आणि पोरगा झोपायच्या आधी फोन करील म्हणून तिचा जीव त्यात अडकला होता. मी फोन चार्जिंगला लावला, दार ओढून घेतलं आणि पाणी दिलं. बराच वेळ ती फोनच्या काळ्या पडद्याकडे बघत होती. मग म्हणाली, "मघाशी पाय दाबले मी त्यांचे. गरम हायत. मेल्यालं माणूस गरम असतंय व्हय?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे पाठ आहे. मशीन ऑक्सिजन देतं, हृदय स्वतःच्या लयीवर काही काळ चालतं, रक्त फिरतं म्हणून अंग गरम लागतं. ते खरंही आहे. पण त्या वेळी माझ्या तोंडून ते निघालं नाही, कारण त्यातलं निम्मंच खरं होतं. शरीराचं तापमान सांभाळणारी जागाही मेंदूतच असते. ती गेली की माणूस खोलीइतका गार व्हायला लागतो. आदल्या रात्री त्यांचं तापमान चौतिसावर उतरलं होतं, आणि मग आम्ही गरम हवेचं ब्लँकेट लावलं होतं. कागदी पांघरूण असतं, नळीतून त्यात ऊन हवा भरत राहते.

"ताई," मी म्हटलं, "ती ऊब त्यांची नाही. आमच्या ब्लँकेटची आहे."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

"काढा मग ते."

मी आयसीयूच्या डॉक्टरांना विचारलं. पूर्ण काढता येणार नाही, ते म्हणाले, आतलं तापमान पडलं तर हृदय दगा देईल. एक हात बाहेर काढा. त्यांनी का म्हणून विचारलं नाही, त्याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे. डाव्या हाताला सलाइन होतं, म्हणून आम्ही उजवा हात पांघरुणाबाहेर काढून पांढऱ्या चादरीवर ठेवला. टेम्पोवाल्याचा हात, नखांत ग्रीस. मी स्टूल दिलं. ती बसली. वरून एसीची हवा येत होती.

सुरुवातीला ती नुसती बघत होती. मग बोटं धरली. बोटं आधी गार पडली, मग तळवा. थंडीत आपण एकमेकांचे हात चोळतो तसा तिनं तो हात दोन्ही तळव्यांत घेऊन चोळला, आणि तो परत कोमट झाला. तिनं सोडला. काही मिनिटांनी पुन्हा गार. तिनं पुन्हा चोळला, पुन्हा सोडला. असं तीनचार वेळा झालं. मी पडद्यापाशी उभी होते, घड्याळाकडे बघायचं नाही असं स्वतःला बजावत, आणि तरी बघत. शेवटी ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "माझीच ऊब लागतीया त्याला."

थोड्या वेळानं तिनं स्वतःच तो हात उचलून पांघरुणाखाली सारला. लहान पोराचा सारतात तसा. तेव्हा पावणेबारा वाजले होते.

बाहेर आल्यावर तिनं फॉर्म आठ, म्हणजे संमतीचा फॉर्म, वाचायला घेतला. सातवी शिकलेली होती, बोट ठेवून वाचत होती. अण्णा शेजारी येऊन उभे राहिले. अवयवांच्या यादीपाशी तिचं बोट थांबलं. "डोळं नगं. बाकी काय लागंल ते घ्या." अण्णा म्हणाले, "अगं, द्यायचं तर समदं दे. डोळ्यानं काय व्हतंय?" पुढच्या जन्मी आंधळा होईल ही भीती पुष्कळांना असते, आणि तिच्यावर माझ्याकडे उत्तरंही आहेत. तिचं कारण तेच होतं की आणखी काही, ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. डोळ्यांपुढे मी काट मारली, तिनं त्यावर सही केली आणि खाली नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट, पूर्ण.

त्यानंतरची रात्र ही फोनची रात्र असते. पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राला, म्हणजे आमच्या भाषेत झेडटीसीसीला कळवायचं. रक्तगट, कावीळ आणि एचआयव्हीच्या तपासण्या, सोनोग्राफी, इको. अवयव कुणाला जायचा हे आम्ही ठरवत नाही, केंद्राच्या प्रतीक्षायादीनं ठरतं, आणि ते तसंच असायला हवं. हृदयाला बाहेर काढल्यापासून चारेक तास मिळतात, यकृताला बारा, मूत्रपिंडाला चोवीस किंवा थोडे जास्त. ग्रीन कॉरिडॉर म्हणून टीव्हीवर दाखवतात ती अँब्युलन्स या सगळ्यातली शेवटची आणि सगळ्यात सोपी गोष्ट. खरी अडते ती कागदावर. अपघात म्हणजे मेडिकोलीगल केस. ज्या ठाण्याच्या हद्दीत गाडी पडली त्यांचं ना-हरकत पत्र लागतं, पंचनामा लागतो, शवविच्छेदनाचा डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये यावा लागतो, म्हणजे घरच्यांना नंतर पुन्हा शवागारापाशी ताटकळावं लागत नाही. ते पत्र पहाटे चारला आलं. तोवर दोन्ही भाऊ माझ्या खोलीबाहेर फरशीवर झोपले होते. टॉवेल त्यांनाच गेला.

मध्येच मेव्हणा हळूच येऊन बिलाचं विचारून गेला. संमतीनंतरचा खर्च, म्हणजे देह सांभाळण्याचा, अवयव काढण्याचा, नेण्याचा, कुटुंबाकडून घेता येत नाही. त्याआधीचं बिल मात्र असतं. ते कमी व्हावं म्हणून मी सोशल वर्करकडे जाते, अकाउंट्सला जाते, हातापाया पडते. पण संमतीचं बोलणं चालू असताना बिलाचा शब्द मी काढत नाही आणि कुणाला काढू देत नाही. एकदा ते दोन शब्द एका वाक्यात आले की तो सौदा होतो. हे मी त्याला सांगितलं नाही. उद्या बघते, म्हटलं.

इकोत हृदय अशक्त निघालं, ते देता येणार नव्हतं. यकृत आणि दोन मूत्रपिंडं चालणार होती. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा खचलेले दिसले. "काळीज चालत न्हाई म्हणता?" त्यांनी दोनदा विचारलं. "लई मोठ्या काळजाचं पोरगं होतं हो ते." आणि टोपी काढून रडले. रात्रभरात मी त्यांच्यावर मनातल्या मनात बरंच चिडले होते. त्या क्षणी ते सगळं मागे घेतलं.

पहाटे थिएटरमध्ये सुरुवात करण्याआधी सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. ही पद्धत कुणी सुरू केली मला माहीत नाही, पण एरवी गाण्यांवर ऑपरेशन करणारे सर्जनही त्या वेळी मान खाली घालून उभे असतात. सहा वाजून पाच मिनिटांनी हृदय थांबलं. भूलतज्ज्ञांनी मशीन बंद केलं आणि खुर्चीवरून उठले. अवयव बर्फाच्या पेट्यांतून गेले. एक मूत्रपिंड आमच्याच वरच्या मजल्यावर गेलं. ते कुणाला मिळालं हे इकडच्यांना सांगायचं नाही, कुणाकडून आलं हे तिकडच्यांना नाही. दोन्ही माणसं एकाच लिफ्टनं वरखाली करत असतात आणि मी त्या लिफ्टमध्ये मधे उभी असते.

टाके घालून झाल्यावर देह पुसायला मी थांबते. ते माझं काम नाही, वॉर्डबॉय आणि थिएटरच्या सिस्टर आहेत. पण मी थांबते. कोमट पाणी, मग कोरडं पुसणं, मग टाक्यांवर स्वच्छ पट्टी, कारण गावाकडे आंघोळ घालताना आईबहिणी बघणार असतात. पाठ पुसायची म्हणून आम्ही त्यांना वळवलं तेव्हा मी म्हटलं, "दादा, कूस बदलते हं." समोरची ज्युनियर माझ्याकडे बघून गप्प राहिली. नियम नातेवाइकांसमोरचा होता.

अकराच्या सुमाराला गाडी गेली.

पुढच्या सोमवारी तिचा फोन आला. मागे माणसांचा आवाज होता, भांडी वाजत होती. गुरुजी बसलेत, म्हणाली, आणि दहाव्याचा दिवस कोणत्या वारापासून धरायचा ते विचारतायत. अण्णा म्हणतात बुधवार. अग्नी बुधवारी दिला, आणि काळीज पण बुधवारीच थांबलं की.

हा प्रश्न मला नवा नाही. वर्षातून तीनचार वेळा येतो. मी जे खरं ते सांगते आणि बाकीचं घरच्यांवर सोडते. मी म्हटलं, "ताई, दाखल्यावर मंगळवार आहे. रात्री दहा चाळीस. हृदय बुधवारी सकाळी थांबलं. गुरुजींना दोन्ही सांगा."

पलीकडे ती फोनवर हात ठेवून काहीतरी बोलली. अण्णांचा आवाज आला, मग दुसऱ्या कुणाचा, मग पुन्हा तिचा. तीन दिवस जिचा आवाज मी ऐकला नव्हता, तो आवाज आता चढला होता. परत फोनवर आली तेव्हा जरा धाप लागल्यासारखी वाटत होती.

"मंगळवारच धरा म्हनलं मी. हात गार पडला तवा मी तिथंच व्हते की."

गुरुवारी दहावा ठरला. मग तिनं विचारलं की टेम्पोचं कर्ज पतसंस्थेचं आहे, तिथं दाखल्याची झेरॉक्स चालेल का मूळ प्रत लागेल. मी म्हटलं, दोन-तीन प्रती काढून घ्या, मूळ कुणाला देऊ नका.